मापाची दोरी

‘मॅडम, ही कुणाच्या मापाची शिवलीया? माझ्या तर न्हाय,’ स्वप्नाली म्हणाली, आणि संयोगिता दचकली. खरं तर दचकायचं काही कारण नव्हतं. भर दुपारचे बारा वाजले होते. राजारामपुरीतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या शिवणवर्गात पंखा कुरकुरत होता, शेजारच्या क्लासची पोरं जिना दणाणून सोडत उतरत होती आणि खाली दोन रिक्षावाले एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. आरशासमोर स्वप्नाली उभी होती, अंगात जाड्याभरड्या कापडाची, हातानं शिवलेली, पुढं गाठ मारायची चोळी. पोरगी रोज व्यायामशाळेत जाणारी, सडपातळ. चोळी तिच्या पाठीवर मागच्या मागं लोंबत होती. संयोगितानं गळ्यातला टेप काढला आणि मोजलं. पाठ दोन बोटं रुंद. डावी बाही सैल. उजवी बाही त्याहून सैल, बोटभर जास्तच. तिनं पुन्हा मोजलं. टेप खोटं बोलत नाही, असं ती गेली सव्वीस वर्षं मुलींना सांगत आली होती आणि मापात चुकणाऱ्या मुलीकडं ती चोरी करताना सापडल्यासारखी बघायची. आता आरशात ती स्वतःकडं तसं बघत होती. गंमत अशी की पाठ चुकली असं एक वेळ म्हणता आलं असतं, पण बाह्या? कापड दुहेरी घालून तिनं दोन्ही बाह्या एकदम कापल्या होत्या. एका कात्रीनं, एका रेघेवर. त्या वेगवेगळ्या मापाच्या होऊच शकत नव्हत्या.

हे चोळ्यांचं खूळ आदर्शनं तिच्या डोक्यात घातलं होतं. आदर्श कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी त्याचं मंडळ गडावर जाऊन जुना काळ उभा करायचं. ढाल-तलवारवाले त्याच्याकडं ढिगानं होते. कुणीही उठावं आणि मिशीला पीळ भरून मावळा व्हावं. या वर्षी त्याला पन्हाळ्यावर सतराव्या शतकातल्या कामकरी बायका दाखवायच्या होत्या: चुना मळणाऱ्या, गवत कापणाऱ्या, दगडाच्या पाट्या वाहणाऱ्या. सात बायका, त्यांतलीच एक स्वप्नाली, आणि सगळ्यांच्या अंगावर नाटकातले झगमगीत कपडे नकोत, खरे हवेत. हे तो पहिल्यांदा सांगायला आला तेव्हा संयोगिता हसली होती. खरे म्हणजे काय? राण्यांचं काय ते चित्रांत सापडतं, शेणाच्या पाट्या वाहणाऱ्या बाईनं काय घातलं होतं हे लिहून ठेवायला कुणाला वेळ होता? तरी ती कामाला लागली, आणि लागली ती पुरतीच लागली. ग्रंथालयात बसली, जुन्या चित्रांच्या कोपऱ्यात पाणी भरणाऱ्या बायका भिंगातून बघितल्या, रानातल्या वीरगळांवर झिजून गेलेल्या दगडी बायांच्या दंडांवरून बोट फिरवलं. कबनूरला यंत्रमागांच्या खडखडाटातून वाट काढत एका म्हाताऱ्या विणकराकडं गेली, जोतीराम त्याचं नाव, आणि त्याच्याकडून हातमागावरचं कापड विणून घेतलं. मशीन तिनं झाकून ठेवलं. सुई, दोरा आणि हात. मंडळासमोर तिनं या सगळ्यावर तासभर भाषणही केलं. फक्त एक गोष्ट तिनं भाषणात सांगितली नाही. तिची आई झुंबरबाई आजऱ्याजवळच्या खेड्यात आयुष्यभर अशाच चोळ्या हातानं शिवत होती, हे तिनं सांगितलं नाही. सांगायला काही हरकत नव्हती. लोकांना उलट आवडलंच असतं. पण आईचा विषय निघाला की आठ वर्षांपूर्वीचा एक फोन आठवायचा, आणि तो आठवला की संयोगिता लगेच काहीतरी दुसरं काम काढायची.

दुसरी चोळी तिनं जपून कापली. पुठ्ठ्याचा साचा केला, त्यावर स्वप्नालीची मापं लिहिली, पेन्सिलीनं रेघ मारली आणि रेघेच्या आतून कात्री चालवली. चार दुपारी ती खिडकीशी बसून शिवत राहिली. दुपारचा वर्ग रिकामाच असायचा. अकरा मशीनं झाकलेली, भिंतीवर मुलींनी केलेले नमुने टाचलेले. शिवताना तिला बरं वाटायचं, फार बरं वाटायचं, आणि त्या बरं वाटण्याचीच तिला पुढं भीती वाटायला लागली. कारण सुई भरभर चालायची आणि ती आपण चालवतोय असं वाटायचं नाही. दोरा अंगाबाहेर ओढावा असं ती मुलींना शिकवायची. आता तिचा हात दोरा छातीकडं ओढत होता, दर वेळी शेवटाला एक बारीक झटका देऊन. तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की आपण दोरा दातांनी तोडतोय. कात्री मांडीवर होती. खोलीत कापलेल्या ओल्या गवताचा वास येत होता. तिनं खिडकीतून खाली बघितलं. खाली मोबाइलचं दुकान, झेरॉक्सचं दुकान, एक दवाखाना, आणि गवताची काडीदेखील कुठं नव्हती. वास मात्र होता, भाताच्या बांधावरच्या गवताचा, विळ्याच्या पात्याला लागतो तो. दंड भरून आला होता, उजवा. सुईनं दंड भरून येत नाही. तिनं चोळी पुरी केली, उलटी केली आणि मानेच्या मागचा शेवटचा टाका बघितला. टाका ढिला होता. मुद्दाम सोडल्यासारखा, एवढासा ढिला. संयोगिता कितीतरी वेळ त्या टाक्याकडं बघत बसली. असल्या टाक्यासाठी तिनं परीक्षेत मुली नापास केल्या होत्या.

तो टाका झुंबरबाईचा होता. चोळी संपली की मानेशी शेवटचा टाका ती ढिला ठेवायची. ‘बाईला एका जाग्याला तरी श्वास घ्यायला जागा पायजे,’ म्हणायची, आणि हे म्हणताना हसायची नाही. तिला अक्षर येत नव्हतं. गावातल्या प्रत्येक बाईसाठी तिच्याकडं एक दोरी होती आणि दोरीला चार गाठी: पाठ, छाती, डावा दंड, उजवा दंड. दोऱ्यांचा जुडगा दाराआडच्या खुंटीला टांगलेला असायचा. त्यातून बोटं फिरवून ती अंधारातसुद्धा नेमकी हवी ती दोरी काढायची. कुठल्याही दोरीवर उजव्या दंडाची गाठ डाव्याच्या पुढं बोटभर असायची. खुरपं धरणारा हात आणि नुसता लोंबणारा हात एका मापाचे कसे असतील, हे तिला इतकं उघड होतं की लेकीनं डिप्लोमाला दुहेरी कापड घालून बाह्या कापायच्या शिकल्याचं कौतुकानं सांगितलं तेव्हा तिनं फक्त विचारलं होतं, तुमच्या शहरातल्या बायका कामं करत न्हाईत व्हय? ग्रंथालयात, भिंगाखाली, दगडांवर संयोगिता जे हुडकत हिंडली ते त्या खुंटीला टांगलेलं होतं, आणि ती खुंटी तिच्या डोक्यात एकदाही आली नाही. की आली होती आणि तिनं दार लावून घेतलं होतं? दोऱ्यांचे नेमही होते. बाई मेली की दिवस झाल्यावर तिच्या दोरीच्या चारी गाठी सोडायच्या आणि दोरी हिरण्यकेशी नदीत सोडून द्यायची. बाई बाळंत होऊन अंगानं बदलली तरी गाठी सोडायच्या, पण मग तिला समोर उभी करून, त्याच बैठकीत नव्या मारायच्या. जित्या बाईची दोरी गाठीबिगर ठेवायची नाही. आणि स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नाही, ते घेताच येत नाही. हात वर केला की पाठ बदलते. संयोगितानं तरी स्वतःचं माप कधी घेतलं होतं? जुना ब्लाउज समोर ठेवून ती नवा बेतायची, वर्षानुवर्षं.

दुसरी चोळीही स्वप्नालीला झाली नाही. पाठ दोन बोटं रुंद, उजवी बाही बोटभर सैल. स्वप्नाली बिचारी वरवर हसली, म्हणाली, खाऊन जाड होतो मॅडम, टेन्शन घेऊ नका. तिसरी चोळी संयोगितानं दुसऱ्या बाईच्या, चांगल्या थोराड बाईच्या मापाची घेतली. तिला ती नीट बसायला हवी होती, पण आवळली, आणि आधीच्या दोन चोळ्यांवर ठेवून बघितली तेव्हा काठाला काठ मिळाला. तीन चोळ्या, दोन बायका आणि माप एकच. तिनं त्या टेबलावर पसरल्या तेव्हा त्यांचे उजवे दंड सारखेच फुगलेले दिसले. कुणीतरी एकच बाई तिन्हींतून नुकतीच निघून गेली होती. संयोगितानं त्या पटकन घडी करून पिशवीत कोंबल्या आणि मशीनवरचं कापड उगाच सारखं केलं. घरी नवऱ्याला, विश्वजितला, तिनं सांगून बघितलं. त्यानं पेपर खाली केला, पूर्ण ऐकून घेतलं आणि चष्म्याचा नंबर तपासून घे म्हणाला. त्याचं चुकलं नाही. पन्नाशीच्या बायकोनं मापं चुकतायत म्हणून सांगितलं तर शहाणा माणूस दुसरं काय म्हणणार? आदर्शचा फोन आला, कार्यक्रम बारा दिवसांवर आलाय, उसवून पुन्हा शिवता येईल का? येईल, असं ती म्हणाली. उसवायला बसली आणि सुईचं टोक पहिल्या टाक्याखाली घातल्यावर तिचा हात थांबला. जोर करूनही तो पुढं गेला नाही. हे आईचं माप आहे, असं त्या क्षणी तिला स्वच्छ वाटलं. आई अंग मागतेय.

मग तो फोन आठवल्यावाचून गत्यंतर नव्हतं. आई दर वर्षी एक चोळी शिवून कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर धाडायची. संयोगिता ती पेपरातून सोडायचीसुद्धा नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर टाकायची. राजारामपुरीत गाठीची चोळी घालून ती जाणार कुठं होती? आठ वर्षांपूर्वी, अशाच एका दुपारी, आईनं शेजारच्या अक्काच्या मोबाइलवरून विचारलं, ‘चोळी बसली का गं?’ संयोगिताच्या समोर वीस मुली बसल्या होत्या. घाईत ती म्हणाली, घट्ट होते आई, मी जाड झालेय. मग आई म्हणाली, मग ये की, नवं माप घिऊ. आवाजात आनंद होता, हे सगळ्यात वाईट. रविवारी येते, असं संयोगिता म्हणाली. त्या रविवारी वर्गाचं प्रदर्शन होतं. पुढच्या रविवारी नणंदेकडचं लग्न. पुढच्या रविवारांचं तर कारणसुद्धा आता आठवत नाही. अकरा महिन्यांनी अक्काचाच फोन आला तो आई गेल्याचा. त्या अकरा महिन्यांत आईनं एकही चोळी धाडली नव्हती. मोटारीतून जाताना संयोगिता हाच हिशेब करत होती: रागावली होती म्हणून धाडली नाही की दुसरं काही? घरात माणसं होती, राख होती, भात होता, आणि तिसऱ्या दिवशी ती परत आली. दाराआडच्या खुंटीकडं तिनं बघितलं नाही. आईनं आपल्याला माफ केलं होतं की मनातून काढून टाकलं होतं, हे त्या खुंटीवर टांगलेलं असणार हे तिला ठाऊक होतं. तेव्हापासूनची सात वर्षं ती या एका प्रश्नाला वळसा घालून जगत आली होती.

शनिवारी सकाळी तिनं एक चोळी पिशवीत घातली आणि आजऱ्याची एसटी धरली. उत्तूर गेलं, काजूच्या बागा लागल्या, भाताची खाचरं कापून मोकळी झालेली. ऊन चांगलं चढलं होतं. तरीही खिडकीशी बसलेल्या तिला थंडी वाजत होती. वर्गात येत होता तोच गवताचा वास इथं खरोखरीचा येत होता, आणि तो खरा असल्यानं भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. गावात तिला कुणी ओळखलं नाही. पारावरच्या माणसानं, ‘कुणाकडं जायचं पावणं?’ म्हणून विचारलं, तेव्हा झुंबरबाईच्या घरी असं म्हणायला ती धजली नाही. अक्काकडं, असं म्हणाली. अक्का आता ऐंशीच्या पुढं गेली होती, डोळ्यांत फूल पडलेलं. अंगणात साठवणीतल्या काजूबिया उन्हात टाकून बसली होती. आवाजावरून तिनं ओळखलं. आलीस व्हय, म्हणाली, जशी काही सकाळीच गेलेली पोरगी दुपारी परत आली होती, आणि कमरेची किल्ली काढून दिली.

आईचं घर दोन खोल्यांचं, कौलारू; आत अक्कानं झाडून ठेवलेलं. संयोगितानं दार पुढं ढकललं आणि त्याच्याआडची खुंटी बघितली. जुडगा नव्हता. एकच दोरी होती. तिनं ती उतरवून दारातल्या उजेडात धरली. दोरीला गाठ नव्हती, एकही. जिथं जिथं गाठ होती तिथं फक्त पिळाचा वाक राहिला होता, चार जागी, चौथा वाक तिसऱ्याच्या पुढं बोटभर. कुणाची दोरी आहे हे विचारायची गरज नव्हती; तिच्या टोकाला लहानपणी तिनंच बांधलेला लाल धागा होता. म्हणजे आईनं गाठी सोडल्या होत्या. मेलेल्या बाईच्या सोडतात तशा. संयोगिता उंबऱ्यावर बसली. विचित्र म्हणजे तिला रडू आलं नाही. पारावरच्या माणसानं आपल्याला का ओळखलं नाही ते आता कळलं, असं काहीतरी वेडंवाकडं मनात आलं. ते अकरा महिने, त्यानंतरची सात वर्षं, वर्गात उभं राहून टेप खोटं बोलत नाही म्हणणारी ती बाई इथल्या हिशेबात नव्हतीच. तिनं स्वतःच्या मनगटावरची नाडी चाचपून बघितली.

अक्का काठी टेकत मागं आली होती. दोरी संयोगिताच्या हातात आहे हे तिनं चाचपून बघितलं. संयोगितानं विचारलं: ‘आईनं माझ्या गाठी सोडल्या?’

‘सोडल्या की,’ अक्का म्हणाली. ‘तू रव्वारी येतो म्हणालीस न्हवं का, तवा सकाळीच सोडल्या. पोरगी अंगानं भरलीया, नवं माप घ्याचं हाय म्हणली. मांडीवर दोरी घिऊन दिस बुडंपतुर हितंच, ह्या उंबऱ्यावर बसली हुती. मग फुडल्या रव्वारी. मग त्याच्या फुडल्या. चोळी म्हणून शिवली न्हाय पुन्यांदा. माप न्हाय तर शिवू कशी, म्हणायची.’

मग अक्का बाकीचं सांगत बसली. झुंबरबाईची दोरी तिनंच दिवस झाल्यावर सोडली, चोळ्या शिवणारं कुणी उरलं नाही म्हणून बाकीच्या ज्याच्या त्याच्या घरी दिल्या. ही एक अडकली. जित्या बाईची दोरी नदीत सोडता येईना आणि गाठीबिगर जुडग्यात ठेवता येईना, म्हणून तशीच टांगून ठेवली. दर सोमवारी झाडायला आली की दोरी हलत असायची, वारा नसला तरी. अक्काला त्याची भीती वाटली नाही. झुंबराला तिष्ठत बसायची सवयच हुती, एवढंच ती म्हणाली. संयोगिता ऐकत होती आणि आता मात्र तिला रडू येत होतं, तोंड वाकडं करून, लहान पोरीसारखं. आईनं मनातून काढलं असतं तर बरं झालं असतं. एवढी वाट बघण्यापेक्षा ते बरं झालं असतं.

अक्कानं तिला रडू दिलं आणि मग उठवून उभी केली. उन्हात, दारासमोर. काठी भिंतीला टेकवली आणि दोरी तिच्या पाठीवर धरली, मग छातीभोवती, मग एका दंडाला, मग दुसऱ्या. जुन्या वाकांच्या पुढं चार नव्या गाठी पडल्या. उजवा दंड घेताना अक्का थांबली आणि म्हणाली, कात्रीचा हात हाय गं तुझा, ह्योबी कामाचाच की. तेव्हा संयोगिताला पिशवीतली चोळी आठवली. ती तिनं काढली. अक्कानं ती मांडीवर पसरून घेतली आणि दोरी तिच्यावर टाकली. पाठीची गाठ पाठीच्या काठावर पडली. छातीची छातीवर. डाव्या बाहीची बाहीच्या शिवणीवर, आणि उजवीची बोटभर पुढं, बरोबर शिवणीवर. संयोगिता ज्याला आईचं माप समजत होती ते आईचं नव्हतंच. आईनं जे कधी घेतलं नाही ते माप होतं.

अक्काचं बोट चोळीवरून फिरत फिरत मानेशी गेलं आणि ढिल्या टाक्यावर थांबलं. ‘झुंबराचा हात हाय ह्यो,’ ती म्हणाली. ‘कवा शिवली ही तिनं?’

‘ह्या महिन्यात,’ संयोगिता म्हणाली.

अक्कानं मान हलवली. तिला त्यात नवल वाटलं नाही, किंवा वाटलं असलं तरी तिनं ते दाखवलं नाही. चोळी उचलून तिनं संयोगितापुढं धरली आणि घालून बघ म्हणाली. संयोगिता आतल्या खोलीत गेली. ब्लाउज काढून ठेवला. जाडंभरडं कापड पाठीला लागलं. ते गार असेल असं तिला वाटलं होतं, पण कुणीतरी आताच अंगातून काढून दिल्यासारखं ते कोमट होतं. तिनं बाह्यांत हात घातले आणि पुढं गाठ मारली. मानेशी, ढिल्या टाक्याजवळ, वारा लागला. मागं कुणीतरी उभं होतं. अक्का असणार, असं मनाशी म्हणेपर्यंत अक्काची काठी बाहेर अंगणात वाजली आणि काजूबिया खळखळल्या. संयोगितानं मागं वळून बघितलं नाही. माप घेताना वळायचं नसतं, पाठ बदलते. पाठीवर दोन बोटं टेकली, खांद्यांच्या मधोमध, चोळी कशी बसली ते बघायला टेकतात तशी, आणि शिवणीवरून खाली गेली. तिनं उजवा हात डोक्यावर नेला, विळा उचलावा तसा, आणि खाली आणला. कुठं ताण बसला नाही.

‘न्हाय आई,’ ती म्हणाली. ‘घट्ट न्हाय हुत.’